नाळ कोणी कापायची

जमना सिस्टरला कुणी हात जोडून नमस्कार केला, की ती ते जोडलेले हात सोडवायची, उलटे करायची आणि आधी नखं बघायची. नमस्काराचं उत्तर मग. सरपंचाची बघितली, एसटीच्या कंडक्टरची बघितली, सप्त्याला आलेल्या कीर्तनकारबुवांचीही बघितली. बुवा ओशाळले. म्हणाले, "माय, प्रवासात राहून गेलं." सिस्टरनं कनवटीला अडकवलेली छोटी कैची काढली आणि पारावरच बुवांची नखं कापून दिली. बुवा मोठे मनाचे. त्यांनी कीर्तनात स्वतःच हे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी निम्मं गाव नखं कापून हिंडत होतं.

मी तिला "ती" म्हणते त्याचा राग मानू नका. आमच्याकडे आईला कुणी अहो-जाहो करत नाही, तसं सिस्टरलाही केलं नाही.

ती आमच्या दवाखान्यात आली तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषद त्याहून नवी होती, आणि दवाखान्याच्या भिंतींचा चुना तर टेकलं की पाठीला लागत होता. साखरखेर्ड्याच्या बाजाराला सकाळी बैलगाडी जुंपली तर ऊन चढायच्या आत पोचू, एवढ्यावर आमचं गाव. मी तिथं आया होते. आया म्हणजे झाडायचं, पाणी भरायचं, पट्ट्या उकळायच्या आणि डॉक्टरांना लोकांचं बोलणं समजावून सांगायचं. डॉक्टर पुण्याचे. माणूस लाखातला, पण वऱ्हाडी कानावर पडली की बावरायचा. शाळेत मी गेले नाही. अक्षरं शिकले ती औषधाच्या बाटल्यांवरून, म्हणून माझं लिहिणंही वाचण्याआधी जरा हलवून घ्यावं लागतं.

तर सिस्टर. बांध्यानं रुंद, रंगानं काळीसावळी, पांढरं लुगडं चापूनचोपून नेसलेलं, पायात पुरुषाच्या वहाणा. आवाज असा, की ती औषधाच्या खोलीत बोलली तर एसटीची वाट बघणारे माना वळवायचे. आता जिथं हिवरा आश्रम आहे ना, त्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली ती. आई तिची गावातल्या बाळांच्या नाळा कापायची. हे तिनं कधी झाकून ठेवलं नाही. पहिल्याच दिवशी, मी विचारायच्या आधी, पाण्याच्या रांजणापाशी उभी राहून म्हणाली, "पारबता, मी बौद्ध हाय. माह्या हातचं पाणी तुले चालते का, ते आत्ताच सांग. उगी रोज रोज चोरून दुसरा गडवा घेशीन, अन मले दिसन." मी तिच्याच हातून गडवा घेतला अन प्याले. दुसरं काय करणार? तिनं इतकं सरळ विचारलं, की मला सरळच वागावं लागलं.

आता नाळेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या भागात बाळंतपण करणारी एक आणि नाळ कापणारी दुसरी. कुणब्या-पाटलांच्या घरी पोट चोळणारी, बाळ झेलणारी दाई त्यांच्यातलीच असायची. पण नाळेला तिनं हात लावायचा नाही, तो विटाळ. त्यासाठी गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाईला बोलावणं जायचं. ती येईपर्यंत बाळ भुईवर. थंडी असो, पाऊस असो, बाळ आईला जोडलेलं तसंच उघडं पडलेलं. ती यायची, आपल्या विळ्यानं कापायची, आणि तिच्या पदरात दुरून एखादं जुनेर आणि भाकर पडायची. बाळ जगलं तर दाईचं नाव. गेलं तर नाळवालीच्या हाताचा दोष.

मग वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, असली कामं बंद. मेलेलं ढोर ओढायचं बंद, बाजूला बसून भाकर मागायचं बंद, आणि पाटलाघरची नाळ कापायचंही बंद. बरोबरच होतं त्यांचं. गावानं काय करावं? गावानंही हट्ट धरला. आमच्या दाया म्हणाल्या, आम्ही नाळेला शिवणार नाही. झालं. बाळं भुईवर पडून राहू लागली. शेवटी कुणीतरी म्हातारी डोळे मिटून हाताला लागेल त्यानं कापायची, विळ्यानं, नाहीतर ज्वारीच्या धांड्याच्या धारदार चोयटीनं, आणि वर चुलीतली राख दाबायची. आठवडा व्हायच्या आत बाळाचं तोंड मिटायचं, दूध ओढता यायचं नाही, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. डॉक्टर म्हणायचे, धनुर्वात. 

सिस्टरला सरकारनं पाठवलं होतं ते गावोगावच्या दायांना शिकवायला. वर्ग आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर. शिकलेल्या बाईला शेवटी एक पत्र्याची पेटी मिळायची, आत कैची, दोरा, साबण, पट्ट्या. त्या पेटीची चर्चा सिस्टरच्या आधी गावात पोचली होती.

सिस्टरनं ओसरीवर सतरंजी टाकली. एकच. वस्तीतून तान्हाबाई आली. वाळलेली, चपळ, बोलायला तिखट. आयुष्यभर नाळा कापलेली, आणि आता ते सोडून दिलेली. "मी नाळवाली म्हणून नाही आली," ती आल्या आल्या म्हणाली, "दाई व्हायले आली." आसपासच्या खेड्यांतून आणखी चौघी-पाचजणी आल्या आणि सतरंजीच्या दोन टोकांना दोन घोळके करून बसल्या. मधे म्हैस बसेल एवढी जागा मोकळी. आणि गिरजाबाई, आमच्या गावची मानाची दाई, ती तर सतरंजीवर आलीच नाही. उंबऱ्यावर बसली. "मले इथूनच आयकू येते," म्हणाली.

गिरजाचं सांगायचं तर, पाटलाच्या घरात ती चुलीपर्यंत जायची. गावातली अर्धी माणसं तिच्या हातात जन्मलेली. पोटावर नुसता हात ठेवला की बाळाचं डोकं कुठं ते सांगायची. तिच्याशिवाय वर्गाला अर्थ नव्हता, हे सिस्टरला कळत होतं, आणि गिरजालाही.

पाटील तेव्हा तिशीचे, मिशी नवी, तोरा नवा. त्यांनी बुलढाण्याला जाऊन तक्रार केली, की दवाखान्यात बायका बाटवायचं काम चाललंय. मग एक दिवस जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची जीप आली. साहेब भले होते, पण भांडणाला घाबरायचे. म्हणाले, "सिस्टर, दोन वर्ग करा ना. मंगळवारी ह्या बायका, शुक्रवारी त्या."

सिस्टर म्हणाली, "साहेब, बाळ मंगळवारी अर्धं अन शुक्रवारी अर्धं येत नाही."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात पुसलं. "मी महिनाअखेर येतो. सगळ्या एका ठिकाणी बसून शिकलेल्या दिसल्या, तर पेट्या देतो. नाहीतर हा वर्ग मला दुसऱ्या तालुक्यात हलवावा लागेल. माझाही नाइलाज आहे."

जीप गेली. पाटील जीपच्या धुळीकडे बघत बराच वेळ खुशीत उभे होते.

सिस्टरची शिकवायची रीत निराळी. ती सांगायची कमी, करून दाखवायची जास्त. घड्याळ कुणाच्या घरी नव्हतं, तर कैची किती वेळ उकळायची हे कसं सांगावं? तिनं सांगितलं, "एका चुलीवर कैची ठेवा, दुसरीवर तवा. घरातल्या सगळ्यांच्या भाकरी होऊन परातीतलं पीठ संपेस्तोवर कैची उकळली पाहिजे." एकजण म्हणाली, "आमच्या घरी दोघंच जण हाओत." सिस्टर म्हणाली, "मंग शेजारणीच्याही टाक."

कापसाची एक बाहुली तिनं शिवली होती, आणि जुन्या लुगड्याच्या काठाची वेणी घालून तिला नाळ लावली होती. बाळंतीण कोण होणार? सिस्टर स्वतःच. त्या दिवशी ती सतरंजीच्या बरोबर मधे, त्या मोकळ्या जागेत आडवी झाली, बाहुली लुगड्यात लपवली आणि कळा द्यायला लागली. आणि काय त्या कळा! सासूला शिव्या, नवऱ्याला शिव्या, माहेरच्या विहिरीची आठवण. बाजाराचा दिवस होता. रस्त्यानं चाललेली माणसं थांबली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून कुंपणावरून विचारलं, "पहिलटकरीण हाय का?" डॉक्टर हातातलं काम टाकून धावत आले.

"सिस्टर, काय होतंय तुम्हाला?"

"पोरगं होऊन राह्यलं, डॉक्टर. तुम्ही बाहेर व्हा, बायकाचं काम हाय."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "खरंच बाहेर व्हा, डॉक्टर. मग सांगते."

एक खेड्यातली बाई पुढं होऊन बाळ ओढायला लागली, तशी उंबऱ्यावर गिरजा चुळबुळली. "अवं ओढू नको. ओढू नको म्हणतो ना. अवं, डोकं हाय ते, दोर नाही!" आणि पुढच्या क्षणी ती उठली, तिला बाजूला सारलं, सतरंजीवर गुडघे टेकले आणि बाहुली अशी अलगद झेलली, की बघणाऱ्या पुढं सरकल्या. आपण सतरंजीवर आहोत, तान्हाच्या गुडघ्याला आपला गुडघा लागलाय, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. हातांना काम दिसलं की तिला बाकीचं दिसत नसे.

बाहुली भुईवर ठेवली आणि गिरजा मागं सरली. "झालं माह्यं. आता तान्हाले सांगा."

"मले काऊन?" तान्हा म्हणाली. "तू केलं ना बाळंतपण? मंग तूच काप."

"मी नाळेले हात नाही लावत."

"मीही नाही लावत. आमच्या वस्तीत ठरलं हाय. दाई म्हणून बोलाव, सगळं करतो. नुस्ती नाळ कापाले नाही येत."

दोघी हटून बसल्या. सगळ्यांनी सिस्टरकडे बघितलं. आता ही उठेल आणि भाषण देईल. ती काही उठेना.

मी म्हटलं, "सिस्टरबाई, उठा ना."

"कशी उठू वं? नाळ कोणी कापली नाही. लेकरू अन मी जोडलेले हाओत."

बायका हसल्या. ती हसली नाही. तशीच पडून राहिली, बाहुली बाजूला उघड्या भुईवर. कुणी बाहुली उचलायला गेलं तर हात धरायची. थोड्या वेळानं हसू थांबलं. बायका एकेक करून घराकडे निघाल्या. गिरजा सगळ्यांत शेवटी गेली, वळून वळून बघत. डॉक्टर दोनदा येऊन गेले. रोगी तिला वळसा घालून जात होते. दिवेलागणीला डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा कुठं ती अंग झाडत उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला आले तर ही परत तिथंच, तशीच, बाहुली भुईवर.

मी तिला चहा दिला. तो तिनं पडल्या पडल्याच प्याला, निम्मा मानेवर सांडला.

उन्हं ओसरीवर आली आणि गिरजा आली. आज उंबऱ्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"बाई, तुमचं लेकरू कापसाचं हाय. त्याले काय थंडी वाजते?"

"याले नाही वाजत," सिस्टर म्हणाली. "तुह्या हातानं झालेलं, असं भुईवर पडलेलं खरं लेकरू एखादं तुले आठवते का?"

 तान्हा गिरजाच्या मागोमाग येऊन खांबाला टेकली होती. मग गिरजानं पदर तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, "माह्या लेकीचं. पोरगी होती. माघाची थंडी होती. वस्तीत माणूस धाडला, तिथून कोणी येईना. मी बसली होती बाजूले, हात मांडीवर ठेवून. जगाचे बाळंतपणं केले म्या, अन माह्याच नातीपाशी नुस्ती बसून राह्यली. शेवटी जावयाच्या मायनं विळ्यानं कापली. पाच-सात दिस गेले, अन पोरीनं तोंड उघडलं नाही."

सिस्टर उठून बसली नाही, पण तिनं गिरजाचा हात धरला. 

मग गिरजानं नाक ओढलं आणि माझ्यावरच खेकसली, "पारबते, पाह्यते काय? कैची उकळली का?"

मी पळाले. त्या दिवशी मी भाकरी नाही केल्या, पण मनात थापल्या. कैची उकळून आणली. गिरजानं दोरा बांधला, कैची धरली. दोनदा कैची लावली आणि दोनदा मागं घेतली. कापली. आणि मागून तान्हा म्हणाली, "एकच गाठ मारली तू. आईकडून रगत जाईन. दोन जागी बांधाव लागते, अन मधात कापाव लागते. सरक, दाखवते." दोघी त्या बाहुलीवर ओणव्या झाल्या. सिस्टर त्यांच्या मधून हळूच सरकत बाहेर निघाली, कंबर धरून उभी राहिली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "माय, पाठ मोडली माह्यी."

पण कापसाच्या नाळेनं काही सिद्ध झालं नव्हतं. गिरजानंच ते बोलून दाखवलं. "बाई, ही कापली. पाटलाच्या घरी खरी कापली, तर मले पुन्हा चुलीपर्यंत घेतीन का कोणी? का मीही बाहेरची होऊन जाईन?"

सिस्टर म्हणाली, "ते मले माहीत नाही, गिरजाबाई. तुले खोटं काऊन सांगू?"

महिनाअखेर आली. सतरंजी झटकून टाकली. बायका आल्या, नखं दाखवून झाली. जीप आली, साहेब उतरले, मागच्या बाकावर पेट्यांची चळत. पाटीलही आले आणि जीपला टेकून उभे राहिले. वर्ग कसा मोडतो ते बघायलाच आले होते. सगळ्या होत्या, फक्त गिरजा नव्हती.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "त्या मुख्य बाई कुठं आहेत?"

"येईन ती," सिस्टर म्हणाली.

पाटील म्हणाले, "नाही येत ती. चांगल्या घरची बाई हाय."

आणखी थोडा वेळ गेला. मी सिस्टरकडे बघितलं. ती तान्हाची गाठ तपासत होती, पण एकच गाठ किती वेळ तपासणार? साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं पेट्यांवर ताडपत्री ओढायला घेतली.

तेवढ्यात गल्लीतून गिरजा आली. लुगड्याचा ओचा खोवलेला, हात कोपरापर्यंत ओले, घामानं कुंकू ओघळलेलं. आणि तिच्या मागं काठी टेकत थोरल्या पाटलीणबाई, पाटलांच्या आई. ही बाई लग्नकार्याशिवाय वाड्याबाहेर पडत नसे. गल्लीतली माणसं उठून उभी राहिली.

पाटलीणबाई सरळ लेकासमोर येऊन थांबल्या. "आबा, तू इथं गाडीपाशी उभा हायेस. घरी तुले लेक झाली."

पाटील गडबडले. सकाळी निघताना बायकोचं नुसतं अंग दुखत होतं म्हणे. तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो हा, "नाळ कोणी कापली?"

"आधी इच्यार, लेकरू कसं हाय," पाटलीणबाई म्हणाल्या. "चांगलं हाय. भुईवर ठेवू नाही दिलं गिरजानं. जन्मली तशी दुपट्यात घेतली, दोन जागी बांधली, मधात कापली. कैची म्या स्वतः उकळली. सगळ्या गड्यांच्या भाकरी होईपर्यंत."

"अवं पण, मंग आता गिरजा घरात..."

"आता गिरजा घरात येईन, चुलीपाशी बसन, अन माह्या हातचा चहा पीन. तुले चालत नसन तर तू गोठ्यात जेवत जाय."

जीपचा ड्रायव्हर फस्सकन हसला. साहेबांनी पुन्हा रुमाल काढला. आणि गिरजा, ती ओल्या हातांनीच सतरंजीवर येऊन तान्हाच्या शेजारी बसली, अंगाला अंग लावून. हळूच म्हणाली, "दोन गाठी मारल्या वं." तान्हा म्हणाली, "आयकलं म्या."

पाटलीणबाई काठीवर रेलून उभ्याच होत्या. सिस्टर म्हणाली, "पाटलीणबाई, उभ्या काऊन? बसा ना. सतरंजी हाय."

आता सगळं गाव बघत होतं. पाटलीणबाईंनी सतरंजीकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. तान्हा जरा सरकली. म्हणाली, "बसा बाई, जागा हाय." आणि पाटलीणबाई बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तर तान्हाच्याच खांद्याला धरून बसल्या.

साहेबांनी ताडपत्री काढायला सांगितली. पेट्या वाटल्या. डॉक्टर टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते, आणि मला विचारत होते, "गोठ्यात काय म्हणाल्या त्या?"

सगळं एका दिवसात सुधारलं असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी तान्हाला वस्तीतूनच बोलावणी यायची. मग एकदा गिरजा लेकीकडे गेलेली असताना पाटलाच्या वाड्यातच राहणाऱ्या सालगड्याची बायको अडली, आणि पाटलीणबाईंनी माणूस पाठवला तो तान्हाकडे. नाळेसाठी नाही, सबंध बाळंतपणासाठी. तान्हा पेटी घेऊन वाड्याच्या पुढच्या दारानं आत गेली. एवढं लिहिलं तरी पुरे.

आणि पेट्यांची गंमत तर राहिलीच. पहिल्या दसऱ्यानंतर सिस्टरनं सगळ्या दायांना पेट्या घेऊन बोलावलं, बघायला. झाकणं उघडली. कैचीला हळद, दोऱ्याला कुंकू, साबणावर अक्षता, पट्ट्यांवर झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं. शेतकरी नांगराची पूजा करतो, सुतार रंध्याची करतो, तशी ह्यांनी आपल्या हत्याराची केली होती, मनापासून. एका बाईनं तर तेव्हापासून पेटी देवघरातून हलवलीच नव्हती. म्हणाली, "देवाले हात कसा लावू?"

मला वाटलं, आता सिस्टर फाडून खाते सगळ्यांना. ती पोट धरून हसली. इतकी हसली, की खाली बसली. मग म्हणाली, "पूजा झकास केली बायांनो. आता देवाले आंघोळ." भलं मोठं पातेलं चढवलं. सगळ्या कैच्या त्यात. पाणी लालपिवळं झालं, ते ओतलं, पुन्हा चढवलं. आणि कायदा करून टाकला, "पूजा झाकणाची करा. वरून हळद लावा, कुंकू लावा, तुरा खोवा, मी काही म्हणत नाही. आत माह्यं राज्य हाय." तेव्हापासून आमच्या भागातल्या दायांच्या पेट्यांची झाकणं हळदीनं पिवळी असायची, आणि आतली कैची लखलखीत. ते ताठ झालेलं बाळ घेऊन येणाऱ्या बाया दवाखान्यात कमी होत गेल्या. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "पारबताबाई, तसलं बाळ शेवटचं कधी बघितलं हो आपण?" मला आठवेना. त्यांनाही आठवेना. 

मग सिस्टरची बदली झाली, सोनाळ्याकडे, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडंही दायांचा वर्ग काढायचा होता. ती गेली, आणि काही महिन्यांनी जीपच्या ड्रायव्हरबरोबर निरोप आला, "गिरजा अन तान्हाले घेऊन ये." डॉक्टरांनी रजा दिली. एसटीच्या पाट्या मला वाचता यायच्या, म्हणून मी सोबत. दोघींनी उभ्या जन्मात एवढा प्रवास केला नव्हता. एकाच फडक्यात बांधलेल्या भाकरी खाल्ल्या, आणि घाटात दोघींना एकदमच ओकारी झाली.

तिथं पोचलो तर ओसरीवर नव्या बायका बसलेल्या, पदर तोंडावर, डोळ्यांत संशय. आमच्याकडे पहिल्या दिवशी होत्या तशाच. मला वाटलं, सिस्टर आता वर्ग घेईल आणि ह्या दोघी साक्ष देतील. सिस्टरनं हातातली बाहुली गिरजाच्या मांडीवर ठेवली. बायकांना म्हणाली, "मी नाही शिकवत. ह्या शिकवतीन." आणि मागं जाऊन सगळ्यांच्या पाठीशी, भिंतीला टेकून, मांडी घालून बसली.

गिरजा नुसती बाहुली उलटसुलट करत बसली. तान्हानं तिला कोपरानं ढोसलं. मग तान्हाच आडवी झाली, बाळंतीण म्हणून, आणि गिरजानं तिच्या पोटावर हात ठेवला. हात कामाला लागले तसं तोंडही सुटलं. डोकं कसं झेलायचं, बाळ आधी दुपट्यात का घ्यायचं, नाळ दोन जागी का बांधायची. "अन जिनं बाळ झेललं तिनंच कापायची. दुसरीची वाट नाही पाहायची. म्या पाह्यली एकदा. तुम्ही पाहू नका."  पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावरचा पदर मागं घेतला.

मागून आवाज आला, "बाई, मले नाही समजलं. पुन्हा सांगा."

सिस्टरचाच आवाज. गिरजानं मान वर केली नाही, ती गाठ दाखवण्यात गुंतली होती. म्हणाली, "मागच्या बाई, मधात बोलू नका. इच्यारायचं असन तर हात वर करा."

आमची परतीची गाडी मिळायला हवी म्हणून मी तेवढ्यात पुढं निघाले, थांब्यावर जागा धरायला. कुंपणाशी वळून बघितलं. त्यानंतर माझी सिस्टरशी भेट झाली नाही, म्हणून ते बघणं डोळ्यांत राहिलंय. सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून ती हात वर करून बसली होती, गुपचूप, आपली पाळी येण्याची वाट बघत. गिरजा तिला पाळी देत नव्हती. पुढच्या रांगेतली ती बाई आधी विचारत होती.